चारनं वाढलेली बोंडं

परवा अमरावतीत माझ्या नातीनं आपल्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि मला हाक मारली. "आजी, इकडे ये ना. मी याला ओव्हरक्लॉक केलं. कंपनीनं दिला त्याच्यापेक्षा कितीतरी फास्ट!"

नात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिची अपेक्षा अशी की आजी पदरानं तोंड पुसेल आणि म्हणेल, म्हणजे काय गं बाई? मी चष्मा नाकावर ढकलला आणि विचारलं, "नुसत्या प्रोसेसरचा वेग वाढवला, की मेमरीचाही?"

पोरीचं तोंड उघडं ते उघडंच.

"आणि तपासलं कसं?" मी पुढचं विचारलं.

"दोन तास गेम चालला ना! एकदाही बंद पडला नाही."

"कोणत्या खोलीत?"

"याच. एसी लावून."

मग मी खुर्ची ओढली. म्हटलं, बस खाली. तुझ्यासारखीच एक शहाणी अकोल्यात होऊन गेली. चाळिशीला टेकलेली होती, पण अक्कल तुझ्याहून कमी. ती म्हणजे मीच. नातीला त्या दिवशी जे सांगितलं ते इथं लिहिते आहे, आणि तिला सांगायची लाज वाटली तेही.

तेव्हा आमच्या अकोल्याच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं सेंटर होतं. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, सगळं मी एकटी टाइप करायची, पानं लावायची, छापून द्यायची. नवरा नोकरीनिमित्त अमरावतीत, मुलगी कॉलेजसाठी त्यांच्याजवळ. दोघं शनिवारी यायची. घरात मी आणि सासरे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. त्यांनी सगळी हयात अकोटच्या एका जिनिंगमध्ये काढली होती. तिथं कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर त्यांची देखरेख असायची. निवृत्त झाल्यावर हातांना काम नाही, म्हणून ते माझ्या रद्दी कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलनं बेरजा मांडत बसायचे. कशाच्याही. पेपरातला पावसाचा तक्ता, क्रिकेटच्या धावा, पंचांगातले आकडे. आणि प्रत्येक बेरजेला नवाचा ताळा घ्यायचे, म्हणजे आकड्यांतले अंक मिळवून बेरीज पडताळायचे. मी मनातल्या मनात हसायची.

त्या हिवाळ्यात चौकात दुसरं सेंटर निघालं. नवं मशीन, नवा पंखा, काचेचं दार. माझी दोन जुनी गिऱ्हाइकं तिकडे गेली आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं. यांनी अमरावतीहून एका हार्डवेअरवाल्याकडून मला नवा मदरबोर्ड आणून दिलेला होता. त्याच्याबरोबर एक पातळ पुस्तिका होती, आणि त्यात एक तक्ता. बोर्डावर पिनांची छोटी रांग, तिच्यावर बाजरीच्या दाण्याहून थोडी मोठी प्लास्टिकची टोपी. ती टोपी एका जोडीवरून काढून दुसऱ्या जोडीवर बसवली की बसचा वेग बदलतो. बस म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि बाकीचे भाग यांच्यातला ये-जा करायचा रस्ता. माझा रस्ता सहासष्टवर चालत होता. तक्त्यात पंच्याहत्तर होतं, त्र्याऐंशी होतं. मी अमरावतीला फोन लावला.

"होते ना वहिनी, बिनधास्त करा," हार्डवेअरवाला म्हणाला. "पण त्र्याऐंशी नका करू. पंच्याहत्तर ठेवा."

सहासष्टवर चालणाऱ्या बाईला त्र्याऐंशी समोर दिसत असताना पंच्याहत्तर कोण ठेवतो? मी केसांतली पिन काढली, तिच्या टोकानं टोपी उचलली आणि त्र्याऐंशीवर बसवली. मशीन सुरू झालं. मी देवाला साखर ठेवली आणि स्वैपाकघरातलं घड्याळ काढून टेबलावर आणलं. पूर्वी मोठं पान पडद्यावर उमटायला चाळीस मोजायला लागायचे, आता तीस. वाचलेल्या वेळात मी काय केलं म्हणाल? आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला किती वेळ वाचतो ते सांगत बसले. आणि दारावरच्या पाटीत खाली एक ओळ वाढवून घेतली: "विजेच्या वेगाने". अकोल्यात, जिथं वीज दिवसातून दोनदा जायची.

पौषातल्या थंडीत मी ते मशीन तीन दिवस तपासलं. अंगावर शाल घेऊन. एकदाही अडलं नाही. म्हटलं, झालं, पास.

संक्रांत होऊन गेल्यावर पातूरची एक मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची. दारातून "जय भीम, ताई" म्हणाली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली तीन रजिस्टरं टेबलावर ठेवली. घरची शेती नाही, बाप रोजंदारीवर जाणारा. ही मात्र कपाशीवरच्या किडीवर पीएचडी करत होती. तीन हंगाम शेतात वाकून तिनं झाडाझाडाची बोंडं मोजली होती. किती चांगली, किती किडकी. रजिस्टरांत तिचं बारीक, उभं अक्षर, ओळीनं आकडे, आणि मधूनमधून मातीची बोटं.

"ताई, उन्हाळ्यात शेवटची तारीख हाय. त्याच्यानंतर माझी मुदत संपते. मंग पुन्हा पहिल्यापासून नाव घालावं लागन. तसं झालं तर बाबा मले पुन्हा पाठवतीन असं वाटत नाही."

"काळजी नको करू," मी म्हटलं. "माझं मशीन लय फास्ट आहे."

मी टाइप केलं. होळीनंतर कच्ची प्रत काढली, आणि आम्ही दोघींनी रोज सकाळी बसून ती वाचली. ती रजिस्टरातून आकडा वाचायची, मी कच्च्या प्रतीवर बोट ठेवायची. शेवटचं पान झालं तेव्हा तिनं प्रत्येक पानाखाली सही केली. तक्ते चोख होते. त्यानंतर मुखपृष्ठ, पानांचे नंबर, आभार अशी किरकोळ कामं उरली, त्यामुळे फाइल रोज उघडायची, रोज जपून ठेवायची, फ्लॉपीवर न्यायची, परत आणायची. तक्त्यांना मी हात लावला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण मला ते फार मोठ्यानं सांगायचं होतं.

मे महिना आला. अकोल्याचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू? दुपारी नळाला हात लावला तर चटका बसतो. माझं मशीन अधूनमधून निळा पडदा दाखवून अडून बसायला लागलं. आमच्या भागातल्या बाया काय करतील? मी तेच केलं. मशीनचं झाकण काढलं आणि मशीन कूलरसमोर ठेवलं. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारा गार वारा सरळ बोर्डावर. मामंजी म्हणाले, "बाई, यंत्राले आंघोळ कायले घालून रायली?" मी म्हटलं, मामंजी, तुमच्या वेळची यंत्रं वेगळी होती.

पक्की प्रत छापली. एका सोमवारी मुलगी ती घेऊन विद्यापीठात आपल्या सरांकडे गेली. मंगळवारी दुपारी बारा वाजता माझ्या दारात उभी. ओढणी डोक्यावरून घट्ट, ओठ कोरडे. प्रबंधाचं तेविसावं पान उघडून माझ्यासमोर टाकलं.

"ताई, हे काय टाइप केलं?"

मी पाहिलं. चार झाडांची बोंडं एका ओळीत: अडतीस, एक्केचाळीस, सदुसष्ट, बत्तीस. शेवटी बेरीज: एकशे अडतीस.

"सर म्हणाले, सदुसष्ट बोंडं? हे कपाशीचं झाड हाय का वडाचं? अन् बेरीज बी बसत नाही. त्यांनी अजून चार पानं पाहिली, तिथं बी तसंच. म्हणाले, आकडे घरी बसून भरले का? मी रजिस्टर दाखवलं तर म्हणाले, रजिस्टर तर कोणी बी मागाहून लिहू शकते. सही नाही करत म्हणाले. शनिवारी दुपारी मुदत संपून रायली, ताई."

आता इथं मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळलं असेल. अकोल्याच्या त्या शहाणीला कळलं नाही. ती खुर्चीत ताठ झाली आणि म्हणाली, "मी तक्त्यांना हात लावला नाही. कच्ची प्रत तू वाचलीस, पानापानावर सही तुझी आहे. मशीन का आपल्या मनानं आकडे बदलेल?"

"मंग मी बदलले का?"

"ते मला काय माहीत?"

हे शेवटचं वाक्य मी नातीला सांगितलं नाही. इथं लिहिते आहे.

 मुलीनं रजिस्टरं उचलली, प्रबंध तिथंच ठेवला आणि निघून गेली. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी पाणीही विचारलं नाही.

मामंजी कोपऱ्यात खाटेवर बसून सगळं ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, तो कागद मले दे."

"कोणता?"

"तोच, वडाच्या झाडाचा."

त्यांनी पान मांडीवर घेतलं आणि आपल्या रद्दीच्या गठ्ठ्यातून कागद चाळायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या पाठकोऱ्या कागदांवर ते महिनाभर बेरजा करत होते, ती मुलीच्या सहीची कच्ची प्रतच होती. मी काम संपलं म्हणून रद्दीत टाकली होती. त्यांनी त्याच तक्त्याचं पान शोधलं, उलटं केलं, दोन्ही शेजारी ठेवली. कच्च्या प्रतीत सत्तावीस. पक्क्या प्रतीत सदुसष्ट.

"सत्तावीसचे सदुसष्ट कसे झाले वं?"

"माझं बोट चुकलं असेल," मी म्हटलं, जरा नरमाईनं.

"तू तर हात लावला नाही म्हणत होती." त्यांनी दुसरं पान घेतलं. मग तिसरं. पेन्सिलीनं खुणा करत गेले. तासाभरात प्रबंधभर अकरा ठिकाणं सापडली. एकाचा पाच झालेला. दोनाचा सहा. तीनाचा सात. शून्याचा चार. आणि दोन ठिकाणी आठाच्या जागी कसलंसं कोनासारखं चिन्ह.

मामंजींनी पेन्सिल कानावर ठेवली. "पाह्य. माणूस चुकला तर कसा चुकते? शेजारची कळ दाबते, नाही तर सत्तावीसचे बाहत्तर करते. हे तसं नाही. हे सगळे चारनंच चुकले. एकूणएक चारनं, अन् सगळे वरच गेले. खाली एकही नाही. माणसाले इतकं नेमानं चुकता येत नाही, बाई. हे यंत्राचं काम हाय."

"आणि हे आठाचं चिन्ह?"

"आठ अन् चार बारा. बाराले एका घरात आकडा कुठून आणावा यंत्रानं? दिसलं ते चिन्ह ठोकलं."

पुढं बऱ्याच वर्षांनी मी संगणकातले आकडे आत कसे लिहितात ते वाचलं, आणि मामंजींचं बोलणं अक्षरशः खरं निघालं. त्या दिवशी मात्र मी खुर्ची ओढून मामंजींसमोर बसले. कारण मी यंत्राला काय केलं होतं ते फक्त मला ठाऊक होतं. मी सांगितलं. टोपी, सहासष्ट, त्र्याऐंशी, सगळं.

मामंजींनी कूलरकडे बोट केलं. मग म्हणाले, "आमच्या जिनिंगमध्ये छताखाली एक लांब शाफ्ट होता. इंजिन त्याले फिरवे, अन् त्याच्यावरून पट्टे खाली सगळ्या यंत्रांले. एका वर्षी शेठच्या मनात आलं, शाफ्टचा वेग वाढवा, गाठी जास्त निघतीन. वाढवला. नवी यंत्रं झेपली. पण पट्टा तर सगळ्यांचा त्याच शाफ्टवर, जुन्या यंत्रांचा बी. ते बी तितकेच फिरले. काही मोडलं नाही, आग लागली नाही. ढीग तर दुप्पट दिसे. शेठ खूश. दोन महिन्यांनी गिरणीतून माल वापस आला. रुईतला धागाच तुटलेला, आखूड. ढिगाकडे पाहून कोणाले समजलं नव्हतं. तू बी शाफ्टच वाढवला, बाई. तुझा प्रोसेसर झेपला. ज्या डब्यात तू फाइल ठेवते त्याचा पट्टा कोणी पाहिला?"

पुस्तिका काढून मी तो तक्ता पुन्हा वाचला. खाली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं की बसचा वेग वाढवला की हार्ड डिस्कचा रस्ताही त्याच प्रमाणात वाढतो. तेहतीसच्या जागी साडेएक्केचाळीस. हिवाळ्यात मी ते वाचलं नव्हतं. हिवाळ्यात मी पाटी रंगवून घेत होते.

"पण नक्की तेच कशावरून?" मी म्हटलं. खरं सांगते, आतून अजून एक आशा होती की दोष फ्लॉपीचा निघेल.

"मंग लाव ताळा," मामंजी म्हणाले.

दुपारचे तीन वाजले होते. मी एक मोठी फाइल घेतली, तिची प्रत काढली, आणि दोन्ही अक्षर न् अक्षर जुळवून बघायची आज्ञा मशीनला दिली. एकदा, दोनदा, दहादा. सातव्या वेळी फरक आला. पुन्हा केलं; चौथ्यांदा फरक आला. बुधवारी सकाळी सहाला उठून तेच केलं. गार हवेत वीस वेळा केलं, एकदाही फरक नाही. म्हणजे माझं मशीन सकाळी खरं बोलत होतं आणि दुपारी खोटं. आणि मी त्याची परीक्षा घेतली होती पौषात.

मी कूलर बंद केला. मशीनची वायर काढली. पंच्याहत्तरच्या पिनांकडे मी पाहिलं, नाही असं नाही. हार्डवेअरवाल्याचा आवाजही आठवला. मग टोपी उचलली आणि सहासष्टवर दाबून बसवली, बोट दुखेपर्यंत. पदर खोचला, मामंजींना म्हटलं भाकरी झाकून ठेवली आहे, आणि पातूरची एसटी पकडली.

घर विचारत विचारत गेले. मुलगी ओट्यावर बसली होती. रजिस्टरं शेजारी, उघडलेली नव्हती. मला पाहून उठली नाही.

"चल," मी म्हटलं.

"कुठं?"

"कामाला. चूक माझी आहे. तुझा एकही आकडा खोटा नाही. मला कळलं आहे, मामंजींनी सिद्ध केलं आहे, आणि सरांना मी स्वतः सांगणार आहे. पण प्रबंध शनिवारच्या आत पुन्हा उभा करायचा आहे आणि ते तुझ्याशिवाय होत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काल तर तुमी म्हणाल्या, ते मला काय माहीत."

"म्हणाले होते."

"मी रात्रभर रजिस्टर तपासत होती, ताई. मले बी वाटायला लागलं होतं का मीच कुठं..."

  आतून तिची आई पाणी घेऊन आली. मला दिलं. मी काल दिलं नव्हतं.

दुपारी तीनला मुलगी माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आता दाखवा." आम्ही सहासष्टवरच्या मशीनवर तीच फाइल तीस वेळा जुळवली. खोली भट्टीसारखी तापलेली. मशीन एकदाही चुकलं नाही. तिनं प्रत्येक वेळी स्वतः कळ दाबली. मग ओढणी कमरेला बांधली आणि पहिलं रजिस्टर उघडलं.

तक्ते मी सगळे नव्यानं टाइप केले. जुन्या फाइलमधलं एक अक्षर उचललं नाही. काम असं चाललं: मुलगी ओळ वाचायची, मी टाइप करायची. मामंजी रजिस्टरातल्या ओळीचा ताळा काढून पेन्सिलीनं कागदावर मांडायचे. अडतीस म्हणजे तीन अन् आठ अकरा, एक अन् एक दोन. एक्केचाळीसचे पाच. सत्तावीसचे नऊ, नऊ म्हणजे शून्य. बत्तीसचे पाच. दोन, पाच, शून्य, पाच, बारा, तीन. बेरीज एकशे अडतीस; तिचेही बारा; तीन. "जमला," मामंजी म्हणायचे. पान छापून निघालं की छापलेल्या पानावरून पुन्हा तोच ताळा. दोन्ही जुळले तर पान डाव्या गठ्ठ्यात, नाही तर पुन्हा. ज्या ताळ्याला मी हसत होते त्याच्यावर माझी अब्रू टांगलेली होती.

सहासष्टवर पान उमटायला पुन्हा चाळीस मोजायला लागायचे. त्या चाळीसमध्ये आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसायचो. एकदा मुलगी म्हणाली, "तुमचं मशीन लय फास्ट हाय ना, ताई." मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. तिथून काम सोपं झालं.

गुरुवारी दुपारी वीज गेली. दोन तास आली नाही. तेवढ्यात मुलीनं मजकुराची पानं सहीच्या कच्च्या प्रतीशी ताडून पाहिली, तर तिथंही एक-दोन शब्दांत एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर बसलेलं. ते मी वाचलं होतं आणि मुलीच्या इंग्रजीवर ढकलून दिलं होतं. तेही दुरुस्त केलं. शुक्रवारी संध्याकाळी दिवेलागणीला शेवटचं पान डाव्या गठ्ठ्यात गेलं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी सरांच्या खोलीत. सर पश्चिम महाराष्ट्रातले, शांत, मोजकं बोलणारे. त्यांच्यासमोर मी दोन प्रती ठेवल्या, चुकलेली आणि बरोबर. आणि बोलायला लागले. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला.

"बाई, यंत्र आकडे बदलत नाही. माणसं बदलतात."

"माणसानंच बदलले, सर. मी. वेग वाढवण्याच्या हौसेपायी."

मग मामंजींचा कागद पुढं केला. अकरा चुका, एकाखाली एक. आधी काय होतं, नंतर काय झालं, फरक किती. चार, चार, चार. सरांनी चष्मा बदलला. स्वतःची पेन्सिल घेतली. ती चुकीची प्रत उघडून मला न विचारता दोन पानं स्वतः तपासली. मी आणि मुलगी उभ्याच होतो. भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून गेल्याचं दाखवत होतं.

"मुलांनी आकडे बनवले की ते सोयीचे बनवतात," शेवटी ते स्वतःशीच म्हणाले. "हे तर कुणाच्याच सोयीचे नाहीत." मग माझ्याकडे वळले. "हे तुम्ही लिहून द्याल? तुमच्या सेंटरच्या कागदावर?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. गावात बातमी जायला तेवढा कागद पुरे होता. चौकातल्या काचेच्या दारात तो वाचला गेला असता, आणि पुढं तसा वाचला गेलाही. पण पिशवीत लेटरहेड घेऊनच मी आले होते. तिथंच टेबलाच्या कडेवर लिहिलं की यंत्राचा वेग मी वाढवला होता, फाइल त्यामुळे बिघडली, विद्यार्थिनीची रजिस्टरं आणि सहीची कच्ची प्रत निर्दोष आहेत. सही केली. लेटरहेडवरही मी छापून घेतलेलं "विजेच्या वेगाने" पेनानं खोडलं.

सरांनी मुलीच्या प्रबंधावर सही केली. साडेअकराला तो जमा झाला.

रजिस्टरं माझ्याकडे राहिली होती, ती न्यायला मुलगी चार दिवसांनी आली. मी चहा टाकला. तिनं माझ्याजवळची प्रत घेतली, तेविसावं पान उघडलं आणि बोटांच्या पेरांवर ओळ मोजायला लागली. अडतीस, एक्केचाळीस, सत्तावीस, बत्तीस. मी आधणाकडे बघत उभी राहिले. "आता का मोजतेस?" असं तोंडावर आलं होतं. गिळलं. तिला मोजायचा हक्क होता, आणि जन्मभर राहणार होता.

"जमला," ती म्हणाली, आणि कप उचलला.

मी पुढं कधी वेग वाढवला नाही असं समजू नका. मी सुधारणारी नाही. वर्षभरानं दुसरं मशीन घेतलं आणि जुनं पंच्याहत्तरवर ठेवलं. त्याच्यावर लग्नपत्रिकांची नक्षी व्हायची. मोराचं एक पीस इकडचं तिकडे झालं तर वऱ्हाड परत जात नाही. आकड्यांचं काम नव्या मशीनवर, सहासष्टच्या चालीनं, आणि दर उन्हाळ्यात दुपारी तीनला तपासून.

हे सगळं ऐकून नातीनं कॉम्प्युटरचं झाकण परत बसवलं. मग म्हणाली, "आजी, माझ्या मशीनमध्ये तसं होत नसते. आता लय सेफ्टी असते."

"असेल. गेमसाठी ठेव वाढवलेला. कॉलेजचा प्रोजेक्ट करशील तेव्हा खाली आण. आणि ज्याच्यावर कुणाचं काही अवलंबून आहे ते करायचं असेल, तर आधी तपास. आत्ता नाही. दुपारी तीनला, एसी बंद करून."

"आजी! मरीन ना मी उकाड्यानं!"

"मी मेले का?"

तीन वाजता मी स्वतः जाऊन एसीचं बटण दाबलं, खिडकी उघडली, आणि पेन्सिल घेऊन तिच्या शेजारी बसले.